फरशीखालचा वास्तुपुरुष

श्रीगजाननाला, आणि ज्यांच्या उंबरठ्याबाहेर मी आजवर चपला काढल्या त्या सर्व घरांना वंदन करून हे लिहितो.

माझे बालपण कल्याणच्या एका लहानशा संस्कृत पाठशाळेत गेले. मी पौरोहित्य करावे अशी वडिलांची इच्छा होती; परंतु ईश्वराने मला पाठांतर दिले आणि गळा दिला नाही. माझे मामा डोंबिवलीत घरांची खरेदी-विक्री जुळवून देत. त्यांच्या कार्यालयात सुट्टीपुरता मदतीला म्हणून बसलो, तो उठलो थेट निवृत्त होऊन. 'एजंट' म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे जे रूप उभे राहते, त्यात माझे गंध आणि माझे उपरणे बसत नसे. म्हणून बाजारात मला 'शास्त्रीबुवा एजंट' असे नाव पडले. त्यात थोडी थट्टा होती, थोडा विश्वास होता. दोन्ही मी प्रसादासारखे हातावर घेतले.

घर घेऊ इच्छिणाऱ्यांना मी सांगत असे, की वेदान्ताच्या अभ्यासाचा जो क्रम, तोच घराचा. आधी श्रवण, मग मनन, मग निदिध्यासन. श्रवण म्हणजे त्या घरात जाऊन घटकाभर गप्प बसणे. पाणी किती वाजता येते आणि किती जोराने, वरच्या मजल्यावर कोण पाय आपटत चालते, वारा फिरला की कारखान्यांच्या बाजूचा उग्र वास खिडकीतून येतो की काय, हे विकणारा सांगत नाही, घर सांगते. मनन म्हणजे कागद. पहिल्या मालकापासून आजच्या मालकापर्यंत ते घर ज्या ज्या करारांनी आले, त्यांची साखळी अखंड हवी. मधली एक कडी हरवलेली असेल तर संगमरवराकडे पाहून भुलू नये. आणि निदिध्यासन म्हणजे आपल्या घरी जाऊन शांत झोपणे. सकाळी जाग येताच तेच घर डोळ्यांपुढे उभे राहिले, तर बयाणा द्यावा.

एक आजी मात्र माझ्या या त्रिसूत्रीलाही पुरून उरल्या. बिल्डरचा माणूस त्यांना कार्पेट, बिल्ट-अप आणि सुपर बिल्ट-अप अशी क्षेत्रफळाची तीन रूपे समजावीत होता. म्हणजे भिंतींच्या आत किती, भिंतींसह किती आणि जिना-गच्चीचा वाटा धरून किती. आजींनी ते सारे ऐकून घेतले आणि बरोबरच्या नातवंडांना हॉलमध्ये समोरासमोर मांडी घालून बसविले. "दोन्हीकडे पानं मांडली की मधून वाढपी वाकून जायला हवा," त्या म्हणाल्या. "इथे जात नाही. म्हणजे ही खोली नव्हे, बोळ आहे." तो गृहस्थ आपल्या माहितीपत्रकाची घडी घालून बसला. पुढे कित्येक ग्राहकांना मी हेच माप सांगितले, आणि ते कधी चुकले नाही.

परंतु आज मला लिहावयाचे आहे ते परबांच्या घराविषयी.

कांबळे दांपत्य माझ्याकडे आले तेव्हा भाड्याच्या घरात राहत होते. मिलिंद कल्याणजवळच्या मोहन्यात वाढलेला, लिफ्ट दुरुस्तीच्या कामात. पत्नी प्रज्ञा एका रुग्णालयात परिचारिका. खुर्चीवर बसता बसताच मिलिंदने विचारले, "काका, घर आवडायच्या आधीच एक विचारून ठेवतो. आडनावाची अडचण नाही ना येणार? आधी दोन ठिकाणी सगळं जमलेलं. नाव सांगितलं, आणि मालकांना अचानक घर विकायचंच नव्हतं."

अशी दारे आपल्या या सुशिक्षित गावांत अजून आहेत, हे लिहिताना मान खाली जाते. मी म्हणालो, "जेथे आधी आडनाव विचारतात, तेथील किल्ली मी माझ्या खुंटीला लावीत नाही." प्रज्ञा प्रथमच हसली. "मग दाखवा, काका. पण स्वयंपाकघरात ऊन हवं हं."

ऊन होते ते इंदुताई परबांकडे. डोंबिवली पूर्वेला एका जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. इंदुताई मूळच्या मालवणकडच्या. यजमान निवर्तल्यावर घर त्यांच्या नावावर झाले होते. मुलगा शैलेश ठाण्याला घोडबंदर रस्त्यावरच्या एका उंच इमारतीत राहत असे. आईने आता आपल्याकडे यावे, असा त्याचा आग्रह होता, आणि गुडघ्यांचाही. इंदुताईंना कांबळे आवडले. कांबळ्यांना घर आवडले. टोकन दिले-घेतले गेले. बँकेचे मंजुरीपत्रही आले.

बाहेरच्या वाचकासाठी येथे थोडे थांबतो. गृहकर्ज देताना बँक दोघांची परीक्षा घेते: माणसाची आणि घराची. माणूस हप्ते फेडील का, आणि न फेडल्यास हे घर तारण म्हणून उभे राहील का. दोघेही उत्तीर्ण झाले की मंजुरीपत्र मिळते. लोक तेव्हाच पेढे वाटतात. मी त्यांना म्हणे, हा साखरपुडा आहे, लग्न नव्हे. त्या पत्राला मुदत असते. मुदतीच्या आत विकणारा आणि घेणारा दोघांनी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन, सही-अंगठा देऊन करारनामा नोंदवावा लागतो. त्यानंतरच बँक रक्कम सोडते. मुदत टळली, तर सारे पुन्हा पहिल्यापासून. आणि तोवर व्याजाचा दर तरी बदललेला असतो, नाहीतर साहेबांचे मन. इकडे कांबळ्यांच्या घरमालकाला त्याची जागा मुलीसाठी परत हवी होती. म्हणजे इंदुताईंचा अंगठा वेळेवर उमटला नाही, तर त्या दोघांचे मागचे घरही जाणार होते आणि पुढचेही.

नोंदणीच्या आदल्या रविवारी मी त्यांना स्वयंपाकघराची मापे घ्यावयास घेऊन गेलो. अमावास्या होती. इंदुताई ओट्याशेजारच्या कोपऱ्यात खाली बसून एका फरशीवर दिवा लावीत होत्या.

"आजी, हा दिवा खाली कसा?" प्रज्ञाने विचारले.

"खाली वास्तुपुरुष आहे गो. ह्यांनी नि मी वास्तुशांत केली तेव्हा पुरलेला. दर अवसेला दिवा लावते."

वास्तुशांतीत घराचा रक्षक असलेल्या वास्तुपुरुषाची चिमुकली धातूची प्रतिमा डबीत ठेवून आग्नेय कोपऱ्यात जमिनीखाली निजवितात. पुढे बहुतेक घरे तिला विसरून जातात. इंदुताई विसरल्या नव्हत्या.

"तुम्ही दिवा लावा न लावा, तुमची मर्जी," त्या म्हणाल्या. "पण ही फरशी राहील ना अशीच?"

प्रज्ञाच्या हातात मोजपट्टी होती. रविवार म्हणून आईकडे आलेला शैलेश मागून डोळ्यांनी, भुवयांनी, शेवटी दोन्ही हातांनी तिला 'हो म्हणा' असे विनवीत होता.

"आजी, खोटं नाही बोलणार," प्रज्ञा म्हणाली. "हा ओटा मला ठेंगणा पडतो. तो मी काढणार. त्याबरोबर ही फरशीही निघेल."

इंदुताईंनी वात पुढे सारली. "मग मी सही करायची नाय. ह्याच्या डोक्यावर हातोडा पडायचा, नि मी ठाण्यात बसून टीव्ही बघायचा?"

"आई! मी टोकन घेतलंय त्यांच्याकडून!"

"तू घेतलंस, तू सही कर."

"अगं, घर तुझ्या नावावर आहे!"

"म्हणून तर सांगते."

जिन्यात शैलेश प्रज्ञावर उखडला. "एक 'हो' म्हणायला काय जात होतं, मॅडम? ताबा मिळाल्यावर काय तोडायचं ते तोडलं असतंत. तिला कोण सांगायला जाणार होतं?"

"परबदादा, उद्या आजी भेटायला आल्या तर त्यांना कुठल्या तोंडाने आत घेऊ? आम्ही देव मानत नाही. पण त्या मानतात, हे तर मानतो ना?"

मिलिंद खाली स्कूटरजवळ उभा होता. त्याने मला एवढेच विचारले, "हेही गेलं म्हणायचं का, काका?"

दुसऱ्या दिवशी स्नानसंध्या आटोपून मी एकटाच इंदुताईंकडे गेलो. त्यांनी न विचारता कोकम सरबत पुढे ठेवले आणि न विचारता सांगितले, "समजूत घालायला आलात तर सरबत पिऊन जा."

"समजूत नाही. एक शंका आहे. ठाण्याला जाताना देव्हाऱ्यातले देव कोणाच्या स्वाधीन करणार?"

"स्वाधीन कशाला करू? मांडीवर घेऊन जाणार."

"मग यालाच मागे का ठेवता?"

त्यांनी ओट्याच्या कोपऱ्याकडे वळून पाहिले. "जमिनीतला देव काढतात होय?"

"मतमतांतरे पुष्कळ आहेत. मी माझ्या गुरूंना स्मरून सांगतो. आदराने पूजा करावी, निरोप मागावा आणि वाहत्या पाण्यात सोडावे. त्याने इतकी वर्षे राखण केली. आता त्यालाही मोकळे करू."

"रागवायचा नाय ना?"

"ज्याने तुमच्या भांड्यांची आदळआपट इतकी वर्षे सोसली, तो एका विनंतीने रागावेल?"

इंदुताई पदर तोंडाशी नेऊन हसल्या. "शास्त्रीबुवा, तुम्ही भटजी झाला असतात तर यजमानांचं काय खरं नव्हतं."

ठरले. प्रतिमा निघाली की अंगठा. तिसऱ्या प्रहरी गवंडी आला, शैलेश ठाण्याहून रजा काढून आला, कांबळेही आले. प्रज्ञा कामावरून परस्पर आली होती, गणवेषातच. मी यथाशक्ती पूजा केली. इंदुताईंनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. त्यात "अहो" हा शब्द ऐकू आला, म्हणजे ते बोलणे वास्तुपुरुषाशी नसून दिवंगत परबांशी होते. गवंड्याने छिन्नी लावून फरशी अलगद उचलली. खालची रेती उकरली. आणखी उकरली. मग तो उकिडवाच मागे सरला.

"काकू, इथं तर काय पण नाय."

शैलेशच्या तोंडून हसू फुटले आणि आईकडे पाहताच ते विझले.

"मग मी इतकी वर्षं दिवा लावला कोणाला?" इंदुताई म्हणाल्या.

हळूहळू उलगडा होत गेला. मध्यंतरी एकदा सबंध घराची फरशी बदलली होती, तेव्हा डबीही वर काढावी लागली होती. इंदुताई तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी गावी होत्या. परत आल्यावर त्यांनी विचारले, वास्तुपुरुष कुठे ठेवलात? परब वर्तमानपत्र वाचीत होते. त्यांनी मान वर न करता हात त्या दिशेला केला आणि म्हटले, "तिकडे." परबांचे एवढे बोलणेदेखील त्या घरात भाषण समजले जाई. इंदुताईंनी तो हात नेमका ओट्याच्या कोपऱ्याकडे आहे असे गृहीत धरले, आणि तेथे दिवा सुरू झाला.

"आता काय करायचं?" शैलेशने घड्याळ पाहिले.

"करायचं काय? शोधायचा," इंदुताई म्हणाल्या. "तो कुठे आहे ते कळल्याबिगर मी अंगठा देणार नाय. आधी निदान जागा ठाऊक होती, त्याला लाथ तरी लागत नव्हती. आता माहीत नसलेल्या जागी पाय कसा ठेवू?" आणि त्या खरोखरच पाय वर घेऊन खुर्चीत बसल्या.

पेच वाढलाच होता. मंजुरीपत्राची मुदत सरत आलेली, आणि सारी फरशी फोडणे अशक्य. बँकेचा मूल्यमापक नुकताच येऊन त्याच फरशीची वाखाणणी लिहून गेला होता. तेव्हा गवंडी म्हणाला, खाली डबी असेल तिथे फरशी पोकळ वाजेल.

पुढचा तासभर त्या घरात जे घडले, तसे कीर्तन मी अन्यत्र ऐकले नाही. मिलिंदने चमचा घेतला, शैलेशने बंदा रुपया. आवाज ऐकून शेजारणी आल्या. एकीने लाटणे आणले, दुसरीने खलबत्त्यातला बत्ता आणला, तो गवंड्याने हात जोडून परत पाठविला. पँट दुमडून चार पायांवर आलेला शैलेश आणि मिलिंद समोरासमोरून ठोकत येत हॉलच्या मध्यभागी डोक्याला डोके लागून भेटले.

"ओ दादा, तुमची साईड डावी!"

"अरे, घर अजून माझं आहे!"

"टोकन दिलंय मी!"

खुर्चीतून इंदुताई हुकूम सोडीत होत्या. "शैल्या, तिथे नीट वाजव. लहानपणी ताटं वाजवायचास तेव्हा बरा जोर होता."

परंतु सगळीकडून आवाज येत असल्याने कोठलाच कळेना. तेव्हा प्रज्ञाने पर्समधून आपला स्टेथोस्कोप काढला. "सगळे गप्प बसा बरं. अहो, तुम्ही फक्त चमचा वाजवा, मी सांगेन तिथे." ती फरशीवर पालथी झाली, कानांत नळ्या घातल्या आणि एकेका फरशीला नळीची चकती लावू लागली. दारात गर्दी होती, पण कोणी श्वासही मोठ्याने घेतला नाही. एक शेजारीण मला हलकेच म्हणाली, "शास्त्रीकाका, घराला ताप आहे का हो?"

स्वयंपाकघराच्या दाराजवळ प्रज्ञा थांबली. "पुन्हा." मिलिंदने वाजविले. "पुन्हा." मग तिने नळ्या काढल्या. "इथे. ह्या बादलीखाली."

"तिथे?" इंदुताई खुर्चीतून उठल्याच. "अगो, ती माझी कचऱ्याची बादली!"

फरशी निघाली. खाली, रेतीत निजलेली, हिरवट पडलेली तांब्याची डबी. गवंड्याने ती स्वतः न उचलता मला खूण केली, आणि मी ती इंदुताईंच्या ओंजळीत ठेवली. त्या एकदम रडू लागल्या आणि रडता रडता हसू लागल्या. भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहून म्हणाल्या, "अहो, एक वाक्य पुरं बोलला असतात तर काय झालं असतं! देवाच्या डोक्यावर कचरा ठेवला ना मी इतकी वर्षं!"

मग माझ्याकडे वळून त्यांनी हळूच विचारले, "शास्त्रीबुवा, माझे दिवे फुकट गेले का हो?"

मी आयुष्यभर लोकांना पत्त्यांची काटेकोर तपासणी करावयास शिकविले. इमारतीचे नाव, मजला, क्रमांक. एक अक्षर चुकले तर करार परत. पण त्या दिवशी मी अगदी मनापासून म्हणालो, "इंदुताई, दिव्याला पत्ता लागत नाही. तो खोलीभर उजेड देतो. त्या उजेडात बादलीही होती."

त्यांनी मान डोलाविली. त्यांना ते पटले असावे, कारण लगेच गवंड्याला म्हणाल्या, "आता बघत काय बसलास? चहा टाकते. साखर किती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सारे मोठागावच्या खाडीवर गेलो. भरती होती. इंदुताईंनी डबी पाण्यात सोडली. मिलिंद आणि प्रज्ञा चपला काढून थोडे बाजूला शांत उभे होते. त्यांना कोणी हात जोडावयास सांगितले नाही, आणि त्यांनी निघण्याची घाईही केली नाही. तेथून आम्ही रिक्षांनी थेट निबंधक कार्यालय गाठले. साडीच्या ओल्या काठांनिशी इंदुताई कॅमेऱ्यासमोर बसल्या. तेथील अधिकाऱ्याने रीतीप्रमाणे विचारले, घर स्वखुशीने देता ना?

"देते. आणि जरा बघून देते," त्या म्हणाल्या. अंगठा पहिल्याच वेळी उमटला. मिलिंदने प्रज्ञाचा हात धरला आणि कोणाला दिसू नये म्हणून फाईलखाली लपविला. मला दिसला. असे हात पाहण्यासाठीच मी या व्यवसायात राहिलो असेन.

बँकेने मुदतीत रक्कम सोडली. ताब्याच्या दिवशी परबांचे सामान टेम्पोत चढले. रिकाम्या घरात एक प्लास्टिकची खुर्ची तेवढी उरली होती. इंदुताईंनी किल्ली प्रज्ञाच्या हातात दिली, देव्हाऱ्यातले देव मांडीवर घेतले आणि शैलेशच्या गाडीत बसल्या. गाडी सुरू झाली, आणि थांबली. देव मुलाच्या हाती देऊन त्या गुडघ्यांवर हात टेकीत पुन्हा जिना चढू लागल्या. शैलेशचा चेहरा उतरला. तो मला म्हणाला, "काका, आता कुठली अट?" मीही थोडा धास्तावून मागोमाग गेलो.

दार उघडेच होते. तरी त्या आत गेल्या नाहीत. उंबरठ्याबाहेर उभ्या राहून त्यांनी बेल दाबली.

प्रज्ञा केरसुणी हातात घेऊनच धावत आली. "आजी? काही राहिलं का?"

"नाय गो. इतकी वर्षं ही बेल आतूनच ऐकली. बाहेरून कशी वाजते ते बघत होते."

"आत तर या."

इंदुताई आल्या. त्या एकुलत्या खुर्चीवर बसल्या, अंग चोरून, परक्या घरी बसावे तशा. प्रज्ञा आत गेली आणि आपल्या पिशवीतून काढलेला स्टीलचा पेला भरून पाणी घेऊन आली. इंदुताईंनी तो दोन्ही हातांनी घेतला.

"ह्या घरात बसल्या जागी मला कोणी पाणी आणून दिलं," त्या म्हणाल्या, "ते आजच."

मग एका दमात सारे पाणी पिऊन त्यांनी रिकामा पेला पुढे केला.

"अजून एक आण."